मुंतोजींची ओवी, बेन्नूरांचा युक्तिवाद

मुसलमान हा बाहेरून आलेला आणि मराठी ही त्याच्याशी झुंजत वाढलेली भाषा, ही समजूत महाराष्ट्राच्या सार्वजनिक बोलण्यात इतकी मुरलेली आहे की तिच्यासाठी पुरावा मागावा असे सहसा कोणाला वाटत नाही. बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांतील वाङ्मयीन इतिहास मात्र या समजुतीच्या थेट विरोधात साक्ष देतो. कारण मराठीतून अध्यात्म सांगणारा एक महत्त्वाचा मुसलमान कवी याच मातीत झाला, आणि त्याच्यासारख्या कवींचा वारसा हाताशी घेऊन मुसलमानद्वेषाला मराठीतूनच सविस्तर उत्तर देणारा एक अभ्यासक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारच्या सोलापुरात उभा राहिला. पहिले नाव शाह मुंतोजी ब्रह्मणी ऊर्फ मृत्युंजय यांचे, तर दुसरे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचे. या दोघांमध्ये काही शतकांचे अंतर आहे आणि दोघांच्या लेखनाची जातही निराळी आहे, तरीही दोघांना एकत्र वाचल्याशिवाय सीमाभागातील मराठीचा खरा विस्तार कळत नाही.

प्रथम संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. ‘इस्लामोफोबिया’ ही संज्ञा ब्रिटनमधील रनिमीड ट्रस्टच्या 1997 च्या अहवालानंतर जगभर रूढ झाली, आणि 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 15 मार्च हा दिवस तिच्याविरुद्धच्या जागृतीसाठी मुक्रर केला. मराठीत तिच्यासाठी ‘इस्लामद्वेष’ हा शब्द वापरला जातो. एखाद्या धर्माच्या तत्त्वांची चिकित्सा करणे म्हणजे हा द्वेष नव्हे. त्या धर्मात जन्मलेल्या प्रत्येक माणसाला एकाच साच्यातला, एकाच स्वभावाचा आणि कायमचा परका मानणे म्हणजे हा द्वेष होय. वंशवादाशी त्याचे नाते जुळते ते याच ठिकाणी. वंशवाद माणसाचे मोल त्याच्या रक्तावरून ठरवतो, तर भारतातील मुसलमानद्वेष अत्तार, बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, शिकलगार, मुलाणी अशा गावोगावच्या कष्टकरी जमातींना एका कल्पित परकीय वंशाचे वारस ठरवून त्यांच्या पूर्वजांचा हिशोब त्यांच्याकडे मागतो. ज्या मुलाण्याचे नाव मराठी मुलखातील कित्येक गावांच्या बलुत्यात लागलेले होते, त्याला उपरा म्हणायचे असेल तर गावगाड्याचा इतिहासच पुसावा लागेल.

बीदरचे नाव मराठी वाचकाच्या कानावर येते ते बहुधा संतकथांतून. बहमनी राज्य 1347 मध्ये गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, स्थापन झाले आणि पंधराव्या शतकात अहमदशहा वली याच्या कारकिर्दीत राजधानी बीदरला गेली. त्यामुळे मराठी भक्तिकथांमधला ‘बेदरचा पादशहा’ हा मंगळवेढे-पंढरपूर परिसराचा धनी म्हणून येतो. या पादशहाचे चित्र एकरंगी नाही, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. कान्होपात्रेच्या कथेत तो तिला बळाने नेऊ पाहतो; दामाजीपंतांच्या कथेत मात्र दुष्काळात लुटवलेल्या धान्याची भरपाई विठू महाराच्या रूपातील विठ्ठलाच्या हातून स्वीकारताना तो देवाच्या दर्शनाने भारावतो; आणि ‘गुरुचरित्रा’त तोच बीदरचा राजा व्याधीने गांजून नृसिंह सरस्वतींना शरण जातो आणि पूर्वजन्मीचा रजक म्हणून ओळखला जातो. नृसिंह सरस्वतींचे गाणगापूर आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुक्यात आहे. या कथा इतिहास म्हणून वाचता येत नाहीत, परंतु त्या रचणाऱ्या मनांना मुसलमान राजा हा एकाच वेळी जुलमी, उदार, रोगी आणि अनुग्रहित असा पूर्ण माणूस म्हणून दिसत होता, एवढे त्यातून निश्चित कळते. आजच्या अनेक चित्रपटांना आणि भाषणांना इतकेही जमत नाही.

अहमदशहाच्या बाबतीत तर कथेच्या पुढे जाऊन लोकांनी त्याला संतच केले. बीदरजवळच्या अष्टूर येथील त्याच्या कबरीच्या अंतर्भागात सोनेरी आणि रंगीत अक्षरांत सुफी गुरुपरंपरांच्या वंशावळी लिहिलेल्या आहेत, त्या परंपरांपैकी एक इराणच्या शाह नेमतुल्ला यांची आहे. मुसलमान त्या स्थानाला वलीचा दर्गा मानतात आणि लिंगायत भाविक त्याच राजाला अल्लमप्रभू म्हणून पूजतात. होळीनंतरच्या दिवसांत भरणाऱ्या तेथील उरुसात कलबुर्गी जिल्ह्यातील माडियाळचा जंगम आपल्या अनुयायांसह येतो, शंख फुंकला जातो, नारळ फुटतात, आणि त्याच छताखाली फातेहाही होतो. ही प्रथा कोणा शासनाच्या सद्भावना योजनेतून निघालेली नाही. ती शतकानुशतके चालत आलेली आहे.

शाह मुंतोजी हे याच भूमीतले. परंपरेने त्यांचा संबंध बीदरच्या बहमनी राजघराण्याशी जोडला आहे आणि त्यांचे गुरू म्हणून कल्याणीचे सहजानंद यांचे नाव घेतले आहे. कल्याणी म्हणजे चालुक्यांची राजधानी, बसवेश्वरांचे कार्यक्षेत्र आणि आजचे बसवकल्याण. जवळच्या नारायणपूर येथे मुंतोजींची समाधी सांगितली जाते. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोणी त्यांना पंधराव्या-सोळाव्या शतकात ठेवतात, तर कोणी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात. राजघराण्याच्या कथेत कितपत तथ्य आहे यावर वाद घालता येईल, पण मुसलमान कुळात जन्मलेला हा साधक मराठी ओवीत ग्रंथ लिहितो आणि ‘मृत्युंजय’ या नावाने ओळखला जातो, यावर वाद नाही. ‘सिद्धसंकेतप्रबंध’, ‘अनुभवसार’, ‘प्रकाशदीप’ यांसारख्या रचना त्यांच्या नावावर आहेत आणि त्या सर्वांचा विषय अद्वैत, योग आणि गुरुकृपा हा आहे.

मुंतोजींच्या लेखनातील एक काम मात्र स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे, ते म्हणजे ‘पंचीकरण’. पंचीकरण ही वेदांतातील संज्ञा असून पाच सूक्ष्म महाभूतांच्या परस्पर मिश्रणातून स्थूल सृष्टी कशी घडते याचे विवेचन तिच्याखाली येते. मराठीत या विषयावर लहानमोठी प्रकरणे लिहिण्याची मोठी परंपरा होती. मुंतोजींनी या चौकटीत वेदांती संज्ञांच्या शेजारी मुसलमानी परमार्थाची परिभाषा आणून ठेवली. असे जोडकाम कसे चालते हे दख्खनच्या सुफी परंपरेतील एका परिचित उदाहरणावरून कळेल. वेदांत जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या अशा चार अवस्था मानतो. सुफी साधक नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत अशा चार पायऱ्या सांगतात, ज्यांत पहिली मानवी देहजगताची, दुसरी देवदूतांच्या सूक्ष्म जगाची, तिसरी ईश्वरी सामर्थ्याची आणि चौथी केवळ ईश्वरस्वरूपाची. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की दोन्ही मार्गांच्या साधकाला दुसऱ्याचा नकाशा वाचता येतो. यात दोन्ही धर्म एकच आहेत असा भाबडा दावा नाही, कारण संज्ञा स्वतंत्रच राहतात; दावा एवढाच आहे की समोरच्याचे म्हणणे समजण्याजोगे आहे. द्वेषाचा पाया समोरचा माणूस समजण्यापलीकडचा आहे या गृहीतकावर उभा असतो, आणि मुंतोजींनी तो पायाच काढून घेतला. त्यांच्या काळात ‘इस्लामद्वेष’ ही संज्ञा नव्हती म्हणून या कामाचे मोल कमी होत नाही.

मुंतोजी हे एकटे अपवाद असते तर त्यांना कुतूहलाचा विषय म्हणून बाजूला ठेवता आले असते. परंतु श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठी टीका रचली. शहामुनींनी ‘सिद्धांतबोध’ सिद्ध केला. मराठी संतांच्या बोलीत मुसलमानाला ‘अविंध’, म्हणजे कान न टोचलेला, असे म्हणत, आणि शेख महंमद स्वतःला त्याच नावाने संबोधून विठ्ठलभक्तीचा अधिकार सांगतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहून ही मांदियाळी एकत्र आणली आणि डॉ. यू. म. पठाण यांनी संतवाङ्मयाच्या अभ्यासात आयुष्य घालवताना या धाग्याची सतत पाठराखण केली. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा दोन अभ्यासकांच्या परिश्रमांवर हे दालन उभे आहे.

अशी भूमी असूनही तिच्यात द्वेष शिरला, आणि तो केवळ शब्दांत राहिला नाही. 1947-48 मध्ये हैदराबाद संस्थानात कासिम रझवीच्या रझाकारांनी ग्रामीण भागात दहशत माजवली. बसवकल्याण परिसरातील गोरटा हे गाव 1948 च्या मे महिन्यातील हत्याकांडासाठी आजही स्मरणात आहे, आणि त्या वेदनेला कोणी उणे लेखू नये. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या दिवसांत भारतीय लष्कराने संस्थान मुक्त केले. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र रझाकारांच्या पापाचा सूड ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षअखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात मृतांचा अंदाज किमान 27 ते 40 हजार असा नोंदवला असून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे सांगितले आहे. हा अहवाल कित्येक दशके सर्वसामान्य अभ्यासकाला पाहायला मिळत नव्हता. मुक्तिसंग्रामाचे गौरवग्रंथ मराठीत पुष्कळ झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्या चार जिल्ह्यांतील मुसलमान घरांवर जे गुदरले त्याचे मराठी लेखन अगदी तोकडे आहे. मराठी साहित्याच्या विवेकाचे हे मोठे अपयश आहे, कारण ज्या दुःखाला भाषा मिळत नाही ते दुःख पुढच्या पिढीत संशय बनून उतरते, आणि संशय दोन्ही बाजूंना वाढतो.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा, उदगीर हा भाग मराठी मुलखाकडे आला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. आणि जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्रात. भालकी-औराद-बसवकल्याण पट्ट्यात मराठी शाळा आणि मराठी घरे आजही आहेत, आणि सीमाप्रश्नाच्या चर्चेत त्या सर्वांचा उल्लेख होतो. मात्र त्या चर्चेत ‘मराठी माणूस’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चेहरे येतात त्यांत मुसलमान चेहरा सहसा नसतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज ज्यांनी गावोगाव पोहोचवला त्यांपैकी एक शाहीर अमर शेख हे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे मुसलमान होते, एवढे आठवले तरी हे विस्मरण किती अन्यायाचे आहे ते कळते. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात गाणाऱ्या या शाहिराने महाराष्ट्र मागितला तो आपला म्हणून मागितला.

प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्या कामाची गरज या पार्श्वभूमीवर समजते. 1938 मध्ये साताऱ्यात जन्मलेले बेन्नूर सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्राचे अध्यापक होते आणि 17 ऑगस्ट 2018 रोजी सोलापुरातच त्यांचे निधन झाले. सोलापूर हे कलबुर्गीच्या शेजारचे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषा बाजारात रोज ऐकू येणारे शहर आहे, आणि बेन्नूरांच्या विचाराला त्या शहराचा रंग आहे. ‘भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजरचना’, ‘हिंदुत्व, मुस्लीम आणि वास्तव’, ‘सुफी संप्रदाय : वाङ्मय, विचार आणि कार्य’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच त्यांच्या कामाची दिशा सांगतात.

त्यांच्या मांडणीचा गाभा असा की भारतीय मुसलमान हा एकसंध समाज नाही; तो प्रदेश, भाषा, व्यवसाय आणि जात यांनी विभागलेला आहे, आणि त्याला एकसंध मानण्याची सवय वसाहतकाळातील इतिहासलेखनाने लावली, जी नंतर दोन्ही धर्मांच्या जमातवाद्यांना सोयीची ठरली. जमातवाद म्हणजे एका धर्माच्या सर्व माणसांचे ऐहिक हितसंबंधही एकच असतात आणि ते इतर धर्मीयांच्या हिताविरुद्ध असतात असे मानणारे राजकारण. बेन्नूरांनी या राजकारणाची हिंदू आणि मुस्लीम दोन्ही रूपे तपासली, मुस्लीम ओबीसींच्या प्रश्नांकडे लक्ष वेधले, आणि सुफींच्या दख्खनी परंपरेतून एका सामायिक संस्कृतीचा आधार शोधला. हमीद दलवाई यांच्याशी त्यांचे मतभेद होते. दलवाईंनी 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून धर्मचिकित्सा आणि स्त्रियांचे हक्क यांवर भर दिला. बेन्नूरांना मुसलमानांच्या मागासलेपणाचे मूळ केवळ धर्मात न शोधता दारिद्र्य, शिक्षण, जातिव्यवस्था आणि सत्तेपासूनचे अंतर यांत शोधावेसे वाटले. मराठी वाचकांनी दलवाईंना जेवढे वाचले त्याच्या शतांशानेही बेन्नूरांना वाचले नाही, आणि त्यामुळे मुसलमान समाजाविषयीची मराठी चर्चा एकाच पायावर उभी राहिली. तलाकपीडित स्त्रियांसाठी दलवाईंनी जे धैर्य दाखवले ते थोर आहेच. परंतु ज्या समाजावर सुधारणेची जबाबदारी टाकायची त्याला घर भाड्याने का मिळत नाही, हा प्रश्नही त्याच चर्चेत असायला हवा होता.

1990 हे वर्ष या संदर्भात विशेष आहे. त्या वर्षी पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मुख्य प्रवाहाचे सर्वोच्च पीठ एका मुसलमान विद्वानाला मिळालेले असताना वेगळे संमेलन कशासाठी, असा आक्षेप घेतला जाणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर लेखनविषयात आहे. संतवाङ्मयाचा जाणकार म्हणून पठाणांचा जो सन्मान झाला तो योग्यच होता, पण मोमीनपुऱ्यातील यंत्रमागावर राबणारा कामगार, दंगलीनंतर वस्ती बदलणारे कुटुंब, उर्दू आणि मराठी शाळेच्या निवडीत अडकलेली मुलगी हे सारे मराठी कथा-कवितेत कोण लिहिणार, हा प्रश्न त्या सन्मानाने सुटत नव्हता. दलित साहित्याने स्वानुभवाचा जो आग्रह धरला तोच येथे नव्याने उभा राहिला. हे संमेलन मराठीपासून फुटून निघण्यासाठी नव्हते. ‘आम्हीही मराठीच लिहितो’ हे सांगण्यासाठी होते.

सीमाभागात या आग्रहाचे आणखी एक रूप दखनीत सापडते. दखनी ही उर्दूची दक्षिणी भगिनी, जिच्या तोंडी मराठी ‘नको’चा ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ सहज येतो. बीदर जिल्ह्यातील चिटगुप्पा येथे 1922 मध्ये जन्मलेले आणि गुलबर्ग्यात आयुष्य घालवलेले सुलेमान खतीब यांनी ‘केवडे का बन’ या संग्रहातून ही घरगुती बोली काव्यात आणली. हुंडा, गरिबी, सासू-सून हे त्यांचे विषय. त्यांच्या कवितेत मुसलमानाचे घर शेजाऱ्याच्या घरासारखेच दिसते, आणि हेच तिचे सामाजिक कार्य होय.

अलीकडच्या वर्षांत मात्र शब्द उच्चारण्याचीच किंमत वाढली. जानेवारी 2020 मध्ये नागरिकत्व कायद्यावर बीदरच्या एका शाळेत मुलांनी केलेल्या छोट्या नाटिकेवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. एक शिक्षिका आणि एका विद्यार्थिनीची विधवा आई यांना तुरुंगात जावे लागले आणि लहान मुलांची पोलिसांकडून वारंवार चौकशी झाली. उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी पीठाने तो गुन्हा जून 2023 मध्ये रद्द केला. त्याच काळात कोप्पळ येथील पत्रकार-कवी सिराज बिसरळ्ळी यांना आनेगुंदी उत्सवात वाचलेल्या कन्नड कवितेसाठी अटक झाली. तणाव केवळ शब्दांपुरता राहिला नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद येथे लाडले मशाइख यांचा दर्गा आणि राघवचैतन्यांचे स्थान एकाच आवारात आहे. राघवचैतन्य म्हणजे तुकोबांच्या गुरुपरंपरेत ज्यांचे नाव येते तेच. तेथेही 2022 पासून पूजेच्या हक्कावरून तणाव आणि न्यायालयीन वाद चालू आहे. 2025 मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाल्यावर म्हैसूर दसऱ्याच्या उद्घाटनाचा मान त्यांना देण्यात आला, तेव्हा त्या मुसलमान आहेत म्हणून आक्षेप न्यायालयापर्यंत नेण्यात आला; उच्च आणि सर्वोच्च अशा दोन्ही न्यायालयांनी तो फेटाळला. न्यायालयांनी आपले काम केले, परंतु कवितेच्या किंवा नाटिकेच्या बचावाला न्यायालयापर्यंत जावे लागणे हीच समाजाची हार आहे.

मुंतोजींच्या नावाने हे सारे थांबेल असे कोणी म्हणणार नाही. तरीही काही कामे अशी आहेत जी मराठी समाजाला कोणाच्या परवानगीशिवाय करता येतील. मुंतोजींच्या उपलब्ध हस्तलिखितांची पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ती आणि तिला जोडून सुफी संज्ञांचा मराठी कोश निघाला पाहिजे. त्यासाठी मराठवाड्यातील, सोलापुरातील आणि कलबुर्गीतील विद्यापीठांनी एकत्र बसण्याची गरज आहे, कारण मराठी, कन्नड, फार्सी आणि दखनी जाणणारी माणसे एका ठिकाणी मिळणार नाहीत. बेन्नूरांची पुस्तके ग्रंथालयांतून सहज मिळाली पाहिजेत, आणि बीदर-कलबुर्गीतील 1948 च्या आठवणी सांगू शकणाऱ्या दोन्ही धर्मांच्या वृद्धांच्या मुलाखती आता नोंदवल्या नाहीत तर पुढे कधीच नोंदवता येणार नाहीत. सीमाभागातील मराठी शाळांच्या शिक्षकांनी दामाजीपंतांची कथा सांगताना मुंतोजींचे नाव सांगावे, आणि सीमाप्रश्नासाठी लढणाऱ्या संघटनांनी आपल्या मराठी माणसांच्या यादीत सीमाभागातील मुसलमान कवींना मानाने स्थान द्यावे, एवढी अपेक्षा या लेखाच्या वाचकांकडूनही आहे.